शेपटी ओढली की पेटणारा नंदी आणि कवेलूंचा खवल्या

प्रश्न थोडक्यात असा. घर यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात आहे, पुढे सपरी (पडवी) आणि अंगण, मागे परसबाग. कडू भोपळ्याला भोकं पाडून दिवा केला, पण भिंतीवर नक्षी उमटलीच नाही, नुसता धुरकट उजेड पडला. तोच भोपळा पुढे पावसात काळा पडून मऊ झाला. बागेत खोचलेले सोलरचे दिवे मे महिन्यातच बंद पडले. आता दिवाळीच्या आधी लेकरांना गंमत वाटेल असं काही सपरीत आणि बागेत करायचं आहे, सामान गावात किंवा तालुक्याला मिळणारं हवं.

आधी भोपळ्याची नक्षी का उमटली नाही ते बघू, कारण तीच चूक माठात आणि करवंटीतही होते. आत ९ वॅटचा दुधी बल्ब लावलेला असणार. त्याचा गोळा सहा सेंटिमीटरचा, भोक त्याच्यापासून दहा सेंटिमीटरवर आणि भिंत भोकापासून एक मीटरवर धरा. भिंत दहापट लांब आहे, म्हणून बल्बचा आकारही भिंतीवर दहापट होऊन पडतो. एका भोकाचा ठिपका साठ सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट पसरतो. शेजारच्या भोकाचा ठिपकाही दोन फुटांचा. दोनशे भोकांचे दोनशे ठिपके एकमेकांवर चढले की धुरकटच दिसणार, भोकं कितीही नीट पाडली तरी.

उपाय म्हणजे उजेडाचा उगम बारीक करणं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात १ वॅटचा सुटा एलईडी मिळतो, चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला. त्याचा पेटणारा भाग जेमतेम तीन मिलिमीटरचा असतो. त्याच मापात तीन मिलिमीटरच्या भोकाचा ठिपका अडीच इंचाचा येतो आणि वेगळा ओळखू येतो. भोपळा जितका मोठा आणि भिंत जितकी जवळ तितका ठिपका रेखीव.

हा एलईडी चालवायला जुना ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर पुरे. चार्जरची केबल कापा. बहुतेक केबलींत लाल तार धन, काळी ऋण असते, तरी मीटरने एकदा बघून घ्या, कारण स्वस्त केबलींत रंगांचा भरवसा नसतो. हिरवी आणि पांढरी तार कापून, वेगवेगळी टेप लावून दुमडून ठेवा. लाल तारेत १० ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) जोडा आणि मग एलईडीच्या अधिक खुणेला डाग द्या (सोल्डर करा), काळी तार उणे खुणेला. एलईडीवर साधारण ३.१ व्होल्ट राहतात, उरलेले १.९ रेझिस्टरवर पडतात, करंट १९० मिलिॲम्पिअरच्या आसपास जातो. म्हणजे एलईडी अर्ध्या वॅटपेक्षा थोडा वर चालतो. पूर्ण एक वॅट देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, बंद भोपळ्याच्या आत त्याहून जास्त, आणि पूर्ण ताकदीवर चालणारा एलईडी एका उन्हाळ्यात मंद होतो. पाव वॅटचा रेझिस्टर मात्र चालणार नाही, त्याच्यावर ०.३६ वॅट पडतात आणि तो करपतो. चकतीच्या मागे दोन इंच चौरस, दोन मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमचा तुकडा हीटसिंक पेस्ट लावून स्क्रूने आवळा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे अशी कतरण पडलेली असते. लाइन गेली तर हाच दिवा १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तीस तासांच्या आसपास चालतो.

एक अडचण लक्षात ठेवा: हा एलईडी एकाच बाजूला, साधारण १२० अंशांत उजेड फेकतो. बुडाशी बसवून वर तोंड केलं तर नक्षी छतावर पडते. सपरीवर टिन किंवा कवेलू (कौलं) असेल तर ती बल्ल्या-फाट्यांत तुटून जाते, काही कळत नाही. म्हणून भोपळा चुन्याच्या किंवा पांढऱ्या रंगाच्या भिंतीपासून दीड-दोन फुटांवर टांगा, एलईडीचं तोंड भिंतीकडे करा आणि भोकं फक्त त्या अर्ध्या भागात पाडा. निम्मी मेहनत वाचते. माणसांच्या बाजूला भोकं नसली की बसणाऱ्याच्या डोळ्यात टोचणारा ठिपकाही येत नाही.

भोपळ्याच्या तयारीतल्या चुका मुख्यतः घाईच्या असतात. देठ वाळून तपकिरी झाल्याशिवाय वेलावरून तोडू नका, हिरवा तोडलेला आतून कुजतो. सावलीत, हवेवर टांगून तीन-चार महिने वाळू द्या. सालीवर काळे-पांढरे बुरशीचे डाग येतात, त्याने घाबरायचं कारण नाही. बोटाने दाबून मऊ लागला तरच फेका. हलवल्यावर बिया वाजल्या की तयार. ओल्या पोत्यात दोन-तीन तास गुंडाळून ठेवा, मग भांड्याच्या तारेच्या घासणीने वरची साल निघते. बुडाशी अडीच इंचाचं गोल तोंड हेक्सॉच्या पात्याने कापा. आतला गर आणि बिया खरवडताना नाकातोंडाला दुपट्टा घट्ट बांधा. ती धूळ कडू असते आणि खोकला दिवसभर सुटत नाही.

कापलेल्या काठावर जाडी मोजा. चार मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर तो भोपळा नक्षीचा नाही, भोकांच्या मधली भिंत तडकेल. सगळी भोकं आधी २ मिलिमीटरच्या बिटने पाडून घ्या, मग जी मोठी करायची ती ३, ४, ५ अशी वाढवत न्या. एकदम ५ चं बिट टेकवलं तर ते गोल सालीवर घसरतं आणि ओरखडा कायमचा राहतो. दोन भोकांत निदान मोठ्या भोकाइतकं अंतर सोडा. आतून काळा, बिनचमकीचा रंग द्या. पांढरा रंग दिला तर आतल्या आत उजेड उसळून परत सगळं धुरकट होतं. बाहेरून जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात, मध्ये आठवडाभर वाळवण. तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, उन्हाळ्यात तर नक्कीच भीती असते. चिंधी पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेरी पसरून वाळवा.

आणि भोपळा पावसात नाही, कितीही वार्निश मारलं तरी. तो भोकांच्या काठांतून पाणी पितो.

आता गमतीचं. घुबड सगळ्यात सोपं, पण घरात घुबड नको म्हणणारी आजी असेल तर तो वाद कशाला? सायाळ करा. भोपळा आडवा टांगा, निमुळतं टोक म्हणजे तोंड, पाठीवर २ मिलिमीटरची भोकं विखरून पाडा. आत १ वॅटच्या एलईडीऐवजी १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीचा एकच तुकडा लावा, कातरीच्या खुणेवर कापलेला, पाच सेंटिमीटर लांब, तीन एलईडींचा. आता प्रत्येक भोकातून भिंतीवर एका रेषेत तीन ठिपके पडतात, एक मीटरवर ही रेघ फूटभर लांब होते. सगळ्या रेघा पट्टीला समांतर, म्हणून सायाळीचे काटे एकाच दिशेला झुकलेले दिसतात. तुकडा थोडा फिरवला की सगळे काटे एकदम फिरतात. तो फिरता ठेवायची सोय करा: पट्टी जाड ॲल्युमिनियमच्या तारेवर चिकटवा आणि तारेचं टोक बुडाच्या लाकडी बुचातून बाहेर काढा. पोरं ते टोक धरून काटे उभे-आडवे करत बसतात. म्हणून बूच सागाचं, घट्ट बसणारं हवं; थर्माकोलचं दोन दिवसांत सैल होतं.

नंदी घरात आधीच असेल, तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात तो लाकडी, चाकांचा. त्याला इजा न करता दिवा करायचा तर वशिंडावर नारळाची अर्धी करवंटी उपडी बसवा, वीस-पंचवीस भोकांची, आत वर सांगितलेलाच एलईडी आणि चार्जर. वशिंडातून पोटापर्यंत ८ मिलिमीटरचं एक भोक तारेसाठी पाडावंच लागतं. जुना, पूजेचा नंदी असेल तर ते नको, त्यासाठी वेगळा घ्या. गंमत शेपटीत आहे. न्हाणीघरात वापरतात तसं दोरी ओढून चालणारं बटण पोटाखाली आडवं बसवा, दोरी मागच्या भोकातून सरळ काढा आणि टोकाला घुंगरू बांधा. दोरी कोनात वळली तर महिन्याभरात घासून तुटते, म्हणून बटण आणि शेपटीचं भोक एका रेषेत हवंत. शेपटी ओढली की नंदी मागे घसरतो किंवा कलंडतो, हे नेमकं पहिल्या दिवशी कळतं. चाकं काढून त्याला दीड फुटाच्या फळीवर पक्का करा आणि फळीखाली दोनेक किलोचं वजन बसवा. पोरांचा हात लागणारा दिवा ५ किंवा १२ व्होल्टचाच ठेवा, यात तडजोड नाही.

बांबूचं डालगं किंवा टोपलं उपडं टांगून सपरीत दिवा करणं सोपं आहे, विणीची सावली छान पडते. ९ वॅटचा एलईडी बल्ब चालतो, बांबूपासून तीन-चार इंच लांब. पण बुरडाकडून आणलेलं डालगं तसंच टांगलं तर सहा महिन्यांत खाली पिवळसर भुकटी पडू लागते, म्हणजे भुंगेरा लागला. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून दोन दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. हे बोरॅक्स-बोरिक पावसाने धुऊन जातं, म्हणून डालगंही सपरीतच.

बागेतल्या सोलर दिव्यांचं लवकर आटोपतो. बहुतेकांत १.२ व्होल्टचा एक निकेल-मेटल हायड्राइड सेल असतो आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या डबीत तो मरतो. झाकण उघडून सेलवर छापलेले व्होल्ट वाचा आणि तितकेच, तसाच चार्ज होणारा सेल टाका. घड्याळाचा साधा सेल टाकलात तर तो चार्ज होण्याऐवजी गळेल. वरची सोलरची काच ओल्या कपड्याने पुसा. ती पिवळी, ओरखडलेली झाली असेल तर सेल बदलून उपयोग नाही. तसाही हा दिवा सावन-भादव्यात आठ-आठ दिवस ढग राहिले की बसतो आणि निंबाच्या सावलीत तर वर्षभर बसतो. बागेसाठी घरातून १२ व्होल्टची तार नेणं मला कधीही जास्त भरवशाचं वाटतं.

त्यासाठी १२ व्होल्ट, ५ ॲम्पिअरचा ॲडॉप्टर घरात, कोरड्या जागी ठेवा, त्याच्या बोर्डाला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असावी. बाहेर फक्त १२ व्होल्ट जातील. अंगणात २३० व्होल्टची तार ओढून नेऊ नका. वावराच्या कुंपणात करंट सोडून माणसं आणि जनावरं कशी मरतात ते विदर्भात वेगळं सांगायला नको. ॲडॉप्टरच्या पुढे २ ॲम्पिअरचा फ्यूज टाका. तार किती जाड, याचा हिशेब करा. दिवा ८ वॅटचा असेल तर १२ व्होल्टवर ०.६७ ॲम्पिअर. दिवा २० मीटर लांब म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.७ व्होल्ट वाटेतच पडतात आणि पट्टीचा उजेड जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटतो. १.५ ची तार घेतली तर पडझड निम्म्यावर येते. तार पीव्हीसी पाइपातून, फूटभर खोल पुरा. नुसती पुरलेली तार घूस कुरतडते.

आता खवल्या मांजराचा दिवा. कवेलू एकावर एक चढवून छप्पर कोरडं राहतं, खवल्याचे खवलेही तसेच चढलेले असतात, म्हणून हा दिवा पावसाला घाबरत नाही. घरकुल बांधताना उतरवलेल्या गोल देशी कवेलूंचा ढीग गावात कुठे ना कुठे असतोच.

सांगाडा तीन फूट लांब, मध्ये एक फूट उंच. जमिनीलगत ८ मिलिमीटरच्या बारच्या दोन पट्ट्या, त्यांवर ६ मिलिमीटरच्या पाच कमानी, उंची शेपटीकडून ५, ९, १२, ११ आणि ७ इंच. कमानींवरून लांबीत पाच बार: एक कणा, दोन्ही बाजूंना दोन-दोन. शेपटी आणि तोंड बार वाकवून काढा. ट्रॉल्या दुरुस्त करणारा वेल्डर हे अर्ध्या दिवसात करतो. चार इंची पाय सांगायला विसरू नका, त्यांचं कारण पुढे येतं. रेड ऑक्साइडचा हात, वरून काळा रंग.

सत्तर-ऐंशी खवले लागतात, प्रत्येक साधारण पाच इंच लांब आणि चार रुंद. एका कवेलूचे दोन, क्वचित तीन निघतात, फुटतूट धरून पन्नास कवेलू आणा. रात्रभर पाण्यात भिजवा, ओलेच ग्राइंडरला दगड कापायचं पातं लावून कापा. कोरडे कापले तर धूळ फुप्फुसात जाते आणि कवेलू तडकतातही. खालचं टोक गोलसर करा. वरच्या काठापासून पाऊण इंच सोडून ४ मिलिमीटरची दोन भोकं, ड्रिलचं हॅमर बंद ठेवून, सावकाश. काठाच्या फार जवळ भोक पाडलं तर तुकडा बांधताना निघून येतो.

बांधणी शेपटीच्या टोकाकडून सुरू करा, खालच्या ओळीपासून कण्याकडे चढा आणि मग डोक्याकडे सरका. पुढचा खवला मागच्यावर दोन इंच चढला पाहिजे. बाइंडिंगची तार दोन पावसाळ्यांत गंजून तुटते, १८ गेजची जीआय (जस्त चढवलेली) तार वापरा. प्रत्येक खवल्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा दुमडलेला तुकडा ठेवा, आठ-दहा मिलिमीटर जाड. त्याने तीन कामं होतात: खवला बारावर आपटून फुटत नाही, वाऱ्यात वाजत नाही, आणि मधली फट उघडी राहून तिच्यातून उजेड झिरपतो. ट्यूब न ठेवता कवेलू घट्ट बसवले तर दिवा लागलाय की नाही तेच कळत नाही.

आत दीड मीटर पिवळसर उजेडाची १२ व्होल्टची पट्टी, मीटरला ६० एलईडी, वरून सिलिकॉन चढवलेली. कण्याच्या बाराला खालून लावा, उरलेली शेजारच्या बाराला, एलईडीचं तोंड जमिनीकडे. पट्टीचा गोंद उन्हात सुटतो, म्हणून केबल टायही बांधा. जमिनीवर पांढऱ्या टाइलचे तुकडे पसरा. उजेड तिथून उसळून कवेलूच्या लाल पोटावर जातो आणि फटींतून निखाऱ्यासारखा दिसतो. पट्टीची कापलेली टोकं सिलिकॉनने बंद करा, पण शिरक्याचा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. दुकानात न्यूट्रल म्हणून मागा. वायर खालून वर चढू द्या आणि आत शिरण्याआधी एक लोंबता वळसा ठेवा, पाणी वळशाच्या तळाशी गळून जातं.

खवले शेपटीकडे उघडतात, म्हणून उजेडही मागच्या बाजूलाच येतो. समोरून बघाल तर काळा ढीग, मागून बघाल तर पेटलेली शेकोटी. खवल्या घराकडे येताना दाखवायची इच्छा सगळ्यांना होते, पण तसा ठेवला तर सपरीत बसलेल्यांना काहीच दिसत नाही. तोंड बागेकडे आणि शेपटी घराकडे करा, म्हणजे तो घरातून निघून झुडपात चाललाय असं दिसतं.

पायांचं कारण असं की कवेलूंच्या थंड ढिगात विंचू हमखास बसतो. उजेडाला किडे येतात, किड्यांना बेडूक, बेडकांना साप. चार इंच मोकळं राहिलं की खालून झाडता येतं आणि लपायला जागा कमी राहते. तरी दिवा दारापासून दहा फूट लांब ठेवा आणि हात घालण्याआधी काठीने ठोका. निळसर-पांढऱ्या उजेडावर किडे जास्त येतात, म्हणून पट्टी पिवळसर सांगितली. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस पाखरं इतकी येतात की तेव्हा दिवा बंदच ठेवलेला बरा. वानरांची चिंता इथे नाही, हा सगळा ऐवज वीस-पंचवीस किलोचा होतो. झाडाला टांगलेला दिवा मात्र ती एका दुपारीत उतरवतात, त्यामुळे बागेत टांगतं काही नकोच.

माठाला भोकं पाडून बागेत ठेवायचा असेल तर भाजलेल्या माठाशी झुंजण्यापेक्षा कुंभाराला कच्च्या, चामड्यासारख्या घट्ट झालेल्या माठालाच भोकं पाडायला सांगा. छत्रीच्या जुन्या नळीचे तुकडे त्याला द्या, भोकं स्वच्छ येतात. माती वाळून-भाजून दहाव्या हिश्शाच्या आसपास आकसते, म्हणून वायरचं तोंड ४० मिलिमीटर हवं तर ४५ चं कापायला सांगा. बुडाला ६ मिलिमीटरचं एक भोक पाणी निघायला. पावसाळ्यात भट्टी बंद असते आणि नंतर पणत्यांची घाई, तेव्हा या दिवाळीसाठी हे जमणार नाही. संक्रांतीनंतर सांगून ठेवा. खवल्या मात्र पंधरा दिवसांत होतो.

तो करताना कण्यावरचे, शेपटीकडचे शेवटचे दोन खवले तारेने आवळू नका, नुसते आकड्यात अडकवा. पट्टी बदलायची वेळ आली की हात तिथूनच आत जातो.